मेडिकल झाली, एक जुना कागद शोधायचाय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल माझी पोलीस भरतीची मेडिकल झाली. रात्री फोनवर "झाली, बरी झाली" एवढंच बोलले, कारण पुढचं फोनवर नीट सांगता आलं नसतं. आई, फॉर्ममध्ये मी लहानपणच्या आकडीचं लिहिलं. तू दोनदा नको म्हणाली होतीस, तरी लिहिलं. रागावू नकोस, का लिहिलं ते खाली सांगते. आधी सगळं कसं झालं ते ऐका, म्हणजे पुढच्या वर्षी धाकट्याची पाळी येईल तेव्हा तुम्हाला घोर लागणार नाही.

सकाळी सातला उपाशीपोटी बोलावलं होतं, रक्तातली साखर बघायची म्हणून. रक्त घेतलं, लघवी तपासायला दिली. पाळी चालू असेल तर लघवीत रक्त दिसतं, तसं आधीच सांगायचं असतं. मुलींना हे कुणी सांगत नाही. आणि धाकट्याला सांगा, आदल्या दिवशी जीव तोडून पळायचं नाही. फार व्यायाम झाला की लघवीत प्रोटीन उतरतं, आणि मग मूत्रपिंडाचं काही आहे का म्हणून पुन्हा तपासण्या लागतात. खोकल्याचं औषध किंवा कसलीही गोळी चालू असेल तर तीही सांगायची. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते अमली पदार्थांच्या चाचणीत सापडतं.

रक्तदाब पहिल्यांदा १४४ वर ९० आला. माझ्या पोटात गोळाच आला. त्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, पायावरचा पाय काढ, पाठ टेकव, हात टेबलावर ठेव, पाच मिनिटं कुणाशी बोलू नकोस. दुसऱ्यांदा १२४ वर ८०. दवाखान्यात पाऊल टाकलं की बाबांचं प्रेशर चढतं आणि घरी उतरतं, तसंच हे. लघवी लागलेली असतानाही आकडा वाढतो, म्हणून आधी जाऊन यायचं. चहा-कॉफीही अर्धा तास आधीपासून नको.

डोळ्यांना बराच वेळ लागला. तक्ता सहा मीटरवर होता, एकेक डोळा झाकून वाचायचं. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ दिसायला हवी ती दिसली की ६/६. बारा मीटरवरून दिसायला हवी ती ओळ वाचायला सहा मीटरवर यावं लागलं तर ६/१२. मग रंगांचं पुस्तक आलं. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली केलेल्या चाचणीचं. पानभर रंगीत ठिपके, त्यांत लपलेला आकडा. पहिल्या पानावर १२ असतो, तो रंग न ओळखणाऱ्यालाही दिसतो, म्हणजे चाचणी कळलीय की नाही ते समजतं. पुढची पानं खरी. तिथे काहीजणांना वेगळाच आकडा दिसतो, काहींना नुसते ठिपके. माझ्या पुढचा मुलगा तिसऱ्या पानावर थांबला. पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं. बाईंनी काही न बोलता पान उलटलं. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. तोवर त्याला कधी कळलंच नसावं.

आई, म्हणून एक विचारते. मामाला लाल आणि हिरव्यात गोंधळ होतो ना? हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. तो आजीकडून मामाकडे आला असणार, आणि तुझ्याकडेही आलेला असू शकतो, तुला स्वतःला काहीही त्रास न होता. तसं असेल तर धाकट्याला तो असण्याची शक्यता निम्मी. यात तुझा काडीचाही दोष नाही. पण त्याला या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. दोन वर्षं मैदानावर घाम गाळून झाल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. प्रत्येक दलाचे निकष वेगळे असतात, त्याला ते बघून अर्ज करता येतील.

कानांसाठी एका बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. बारीकसा टूं आवाज आला की बटण दाबायचं. शेवटी शेवटी आवाज आला की भास झाला हेच कळत नव्हतं. ईसीजी, छातीचा एक्स-रे पटकन झाले. एक्स-रेच्या आधी गरोदर आहेस का विचारतात, सगळ्याच मुलींना.

तुला ज्याची काळजी होती ते. हो, कपडे काढावे लागतात, पण पडद्याआड, आणि माझ्या वेळी डॉक्टर बाईच होत्या. अंगावर चादर होती. पाठीचा कणा, व्रण, पायांच्या फुगलेल्या शिरा बघितल्या. चवड्यांवर चालायला लावलं, टाचांवर चालायला लावलं, उकिडवं बसून उठवलं. गुडघे एकमेकांना लागतात का ते पाहिलं. मुलांना खोकायला लावून हर्निया बघतात. धाकट्याला लाज वाटेल, पण अर्ध्या मिनिटाचं काम असतं. त्याच्या सपाट तळव्यांचं बाबा नेहमी काढतात. चवड्यांवर उभं राहिल्यावर तळव्याला कमान येत असेल तर तो प्रकार सौम्य समजतात. त्याला आरशासमोर उभं करून बघा.

आता आकडीचं. फॉर्मवर प्रत्येक आजारापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन होते. "कधी आकडी किंवा झटके आले होते का?" इथे माझा हात थांबला. आई, तुझं म्हणणं मला कळतं. वीस वर्षं तू हे शेजारीपाजारी कुणाला कळू दिलं नाहीस, कारण मुलीला फिट येतात म्हणून एकदा बोभाटा झाला की तो पुसला जात नाही. तू मला जपलंस. पण उद्या माझ्या हातात बंदूक असेल, गाडीचं स्टिअरिंग असेल. शेजारच्या शिपायाचा जीव माझ्यावर असेल. तो प्रश्न त्याच्यासाठी विचारलेला आहे. खाली सहीच्या जागी, खोटी माहिती आढळल्यास निवड रद्द होईल, असंही होतं. पण ते नसतं तरी मी हो वरच खूण केली असती.

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारायला लागल्या. किती वर्षांची होतीस? ताप होता का? एकदाच आली की त्या दिवसात पुन्हा? किती मिनिटं? नंतर कधी? मी म्हणाले, दीड वर्षाची होते, अंगात खूप ताप होता, नंतर कधीच नाही. त्या म्हणाल्या, सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात झटका येणं बऱ्याच मुलांमध्ये होतं, त्याला अपस्मार, म्हणजे फेफरं, म्हणत नाहीत. पंधरा मिनिटांच्या आत थांबला असेल आणि चोवीस तासांत पुन्हा आला नसेल तर तो साधाच. पण तुझं ऐकीव आहे, मला कागद हवा. म्हणून निकाल थांबवलाय. नापास केलेलं नाही, तात्पुरतं रोखलंय. मेंदूविकारतज्ज्ञांकडूनही तपासून घ्यायला सांगितलंय, ती वेळ मी घेतलीय.

मला मिनिटं सांगता आली नाहीत. ती तुम्हालाच माहीत. बाबा, तुम्ही मला उचलून धावत गेलात ना? घरातून निघालात तेव्हा चालू होती का थांबली होती? आठवेल तसं लिहा, अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहा. मला बरं वाटावं म्हणून कमी करू नका.

आणि डिस्चार्जचा कागद. आईच्या लोखंडी कपाटात लसीकरणाच्या कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत असणार, मी लहानपणी पाहिलाय, घडीवर फाटलेला. चिकटपट्टी लावू नका, शाई निघेल. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा आणि मूळ कागद बाबांनी स्पीड पोस्टाने टाकावा.

तुमची लेक