मातृभाषा विचारूनच लिहा

संपादक महोदय,

फेब्रुवारी 2027 मध्ये जनगणनेचे लोक दारात येतील. बातम्यांत सगळा भर जातीच्या प्रश्नावर आहे. मातृभाषेच्या प्रश्नाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी अमळनेर तालुक्यातली. घरात अहिराणी. पहिलीत मी ‘माले’ म्हटले की बाई ‘मला’ म्हणायला लावत आणि वर्ग खिदळे. पुढे कॉमर्स करायला पुण्यात आले. वसतिगृहात एकदा आजीशी फोनवर बोलत होते, तर शेजारच्या कॉटवरची मैत्रीण म्हणाली, ‘‘तू गुजराती आहेस होय?’’ ‘मनी माय’, ‘घर से’ हे तिच्या कानाला तसे लागले असणार. मला उत्तर देता येईना. तिथून भाषाविज्ञानाकडे वळले. वडील महिनाभर धड बोलले नाहीत, ते असो.

पहिल्याच अभ्यासासाठी आजीपुढे रेकॉर्डर ठेवला. चाळीस मिनिटे ती आकाशवाणीवर बोलावे तशी मराठी बोलली! रेकॉर्डर बंद केला आणि ती अंगणातल्या चुलतबहिणीवर ओरडली, ‘‘काय करी ऱ्हायनी वं? आठे ये!’’ मला हवे होते ते नेमके हेच. कुणी ऐकत नसताना माणूस कसा बोलतो, हे ऐकायचे कसे, असा पेच विल्यम लबॉव या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने मांडला होता. पुस्तकात तो वाचला होता, कळला त्या दिवशी.

2011च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषांची 19,569 नावे सांगितली. छाननीत 1,369 उरली आणि ती 121 भाषांत बसवली गेली. वऱ्हाडी मराठीत मोजतात, अहिराणी मात्र ‘खानदेशी’ या वेगळ्या भाषेखाली. खानदेशीचा आकडा साडेअठरा लाखांच्या थोडा वर. त्यात आमच्या घरची सात माणसे नाहीत. ओट्यावर बसलेल्या प्रगणकाने न विचारताच ‘मराठी’ लिहिले, आणि तो स्वतः आमच्याशी अहिराणीतच बोलत होता! त्याला तरी काय दोष द्यायचा, शाळेने त्यालाही तेच शिकवलेले.

अहिराणी लिहिली तर मराठी घटेल, असे काहींना वाटते. मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवता येतात. मराठी तिथे लिहावी. प्रशिक्षणात प्रगणकांना एवढेच बजावावे, की हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाबद्दल तोंडाने विचारायचा.

‘‘या खेपेला काय सांगशील?’’ असे आजीला विचारले. म्हणाली, ‘‘पन माले कोन इचारस?’’

– भाषाविज्ञानाची एक विद्यार्थिनी, अमळनेर (जि. जळगाव)