दादाचा रिपोर्ट

प्रिय सुनीता,

आम्ही ठीक, आईचे गुडघे आहेत तसेच. पण आईने दिलेली किडनी बसवलेल्या आपल्या दादाचं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) 1.3 वरून 1.9 वर गेलंय, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

बायोप्सीत ‘बॉर्डरलाइन’ आलंय. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी किडनीत शिरल्यात, पण रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, म्हणण्याइतक्या नाहीत. तुझ्या कॅनडात, अल्बर्टातल्या बान्फला 1991 साली तज्ज्ञ जमले, त्यातून निघालेल्या निकषांनीच दादाची स्लाइड वाचली गेली. हॉस्टेलवरचं आपलं भांडण आठवतं? तू म्हणायचीस, स्लाइडवर दिसतं तेच खरं. मी म्हणायचे, कुठले जीन जागे झालेत ते बघ. चहासुद्धा वेगवेगळा प्यायलो होतो! आणि आता एडमंटनला, कुठले जीन जागे आहेत ते सांगणारा आरएनए घेऊन बसलीस तूच.

रक्तात आईच्या किडनीचा डीएनए किती सुटलाय तेही तपासलं. 2017 च्या अभ्यासापासून 1 टक्क्याच्या वर गेलं की शंका घेतात, दादाचं 1.4 आहे. दोघांचा निम्मा डीएनए सारखा, म्हणून जिथे फरक आहे त्याच जागा मोजायच्या. दादा म्हणतो, “आईची किडनी आहे, ती माझं कशाला ऐकेल?” आई खूप हसली. मग रात्री मला विचारलं, “माझंच काही कमी पडलं का गं?” काय सांगणार होते मी?

उपचार कारणावर ठरणार. टी पेशी असतील तर स्टिरॉइड. अँटिबॉडी असतील तर प्लाझ्मा काढणं, आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या दात्यांच्या अँटिबॉडी). आणि किडनीत वाढणारा बीके विषाणू असेल तर उलट प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करायची! बीके निगेटिव्ह आहे, डीएसए, म्हणजे आईच्या किडनीविरुद्धच्या अँटिबॉडी, त्यासुद्धा. पण तुमच्याकडच्या हॅलोरन यांच्या गटाने दाखवलंय ना, की डीएसए नसतानाही अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण असलेले एनके पेशींचे (प्रतिकारशक्तीच्याच पेशी) आणि गॅमा इंटरफेरॉनचे (त्यांचा संदेश देणारं प्रथिन) जीन वर गेलेले सापडतात? मग निगेटिव्हवर विसंबून कसं राहू? उगाच औषधं वाढवून त्याला न्यूमोनिया झाला तर?

बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, शिल्लक आहे. बान्फवाल्यांचं 770 जीन एकदम तपासणारं पॅनेल त्यावर चालतं असं वाचलं. इतक्या छोट्या तुकड्यातून पुरेसा आरएनए निघेल? आणि उत्तर येईपर्यंत डॉक्टरांना थांबा म्हणणं बरोबर होईल का?

ओवीला नवीन शाळा आवडली का? तुझी पाठ कशी आहे? सविस्तर लिही.

रिपोर्ट मेल केलेत, नाव खोडून. बुधवारी डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी फोन कर. आमची पहाट असली तरी चालेल.

तुझी,
मेधा