खराब फोटो मागणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, नाहीतर सरळ दुर्बीण डोळ्याला लावता. म्हणून हे चार लोकांदेखत लिहितोय. नाव घातलेलं नाही. थंडीत सकाळी पक्षी बघायला ठाणे खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनला येणाऱ्यांना ते सांगायची गरजही नाही.

शिकारी पक्ष्यांचे फोटो काढायला लागलेल्या माणसाला मुंबईत सल्ल्यांची वाण नसते. लेन्स कुठली घ्यावी, जुनी कुठे स्वस्त मिळेल, यावर मंडळी तासभर बोलतात. पक्ष्याचं नाव विचारलं की मात्र मोबाइलवर ओझरती नजर टाकून 'घार असेल' म्हणत हात झटकतात. तुम्ही खाडीवरच्या त्या तपकिरी पक्ष्याचा माझा फोटो नीट पाहिलात. डोळा लख्ख, चोच लख्ख, मागे निळं आकाश. आणि म्हणालात, "छान आलाय. आता खराब दाखव."

खराब म्हणजे मी घरी जाऊन उडवणार होतो ते. तुम्ही बांधावर बसकण मारलीत, कॅमेऱ्याच्या पडद्यावर ओढणीची सावली धरलीत आणि एकेक फ्रेम मोठी करून बघायला लागलात. एका फ्रेममध्ये पक्षी वळला होता, डोकं कापलं गेलं होतं, पण शेपूट पूर्ण पसरलेली होती. तुम्ही तिथेच थांबलात. घारीची शेपूट पसरली की तिची खाच दिसेनाशी होते, पण कड सरळ राहते आणि कोपरे टोकदार. ही तर गोल होती. पुढच्या एका धूसर फ्रेममध्ये पक्षी समोरून तरंगत येत होता. मार्श हॅरियर, म्हणजे आपला दलदल भोवत्या, असा तरंगताना पंख वर उचलून धरतो. याचे पंख जवळजवळ आडवे होते, टोकांकडे किंचित खाली झुकलेले. तिसरी फ्रेम पंखाच्या खालच्या बाजूची: मनगटापाशी, म्हणजे पंख दुमडतो तिथे, गडद डाग आणि त्याच्या पुढे मोठ्या पिसांच्या बुडाशी फिकट पट्टा. "ब्राह्मणी घार. पोर आहे अजून." विटकरी अंग आणि पांढरं डोकं असलेली मोठी ब्राह्मणी घार ससून डॉकवर कुणीही ओळखतो. तो रंग अंगावर यायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तोवर हे पोर सगळ्यांना चकवत फिरतं. माझ्या त्या देखण्या फोटोत यातलं काहीच दिसत नव्हतं.

तेव्हापासून मी कार्ड रिकामं करायची घाई करत नाही. घरच्यांना वाटतं हार्ड डिस्क विकत घेण्याचं व्यसन लागलंय.

दुसरे आभार त्या गरुडाचे. उंचावर, काळपट, घारीपेक्षा रुंद पंखांचा, दुपारच्या उकळत्या हवेत काढलेला. सगळे म्हणत होते मोठा ठिपकेदार गरुड, कारण थंडीत खाडीकडे तोच येतो, आणि जगभर कमी होत चाललेला असल्यामुळे यादीत भावही खातो. भारतीय ठिपकेदार गरुडही असू शकतो, हे कुणाला ऐकायचं नव्हतं. तुम्ही म्हणालात, जबड्याची फट डोळ्याच्या मध्यापर्यंत जाते की मागच्या कडेपर्यंत, ते या फोटोत दिसत नाही. पंखाखालची चंद्रकोर एक की दोन, तेही नाही. मग लिहायचं 'ठिपकेदार गरुड, नक्की कुठला ते ठरलं नाही'. ती नोंद अपुरी नाही, असंही तुम्ही ठणकावून सांगितलंत. खरं सांगतो, त्या दिवशी मला तुमचा थोडा रागच आला होता.

फोटोग्राफीचं तुम्ही फारसं शिकवत नाही, पण जे सांगता ते थेट असतं. पांढऱ्या आकाशावर उडता पक्षी टिपताना कॅमेऱ्यात उजेड (एक्स्पोजर) एक ते दीड स्टॉप वाढवायचा. आकाश पांढरंफटक झालं तरी चालेल, पोटावरच्या रेघा दिसल्या पाहिजेत. शटर दोन हजारच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. सकाळचा तिरपा उजेड ओल्या चिखलावरून उलटून पंखांखाली जातो, तोवर काम उरकायचं. ऊन चढलं की हवाच थरथरते, मग लेन्सला शिव्या देण्यात अर्थ नाही.

आणि फ्लेमिंगोंचं ते वाक्य! ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेल्यापासून तर प्रत्येकाची नळी त्या गुलाबी रांगेकडेच रोखलेली. एकदा समोरची बदकं आणि तुतवार एकदम उठले, सगळे तिकडे क्लिक क्लिक करायला लागले. तुम्ही मात्र वर बघत होतात. "ते उठले ते बघू नका, का उठले ते बघा." वरून भोवत्याची मादी चालली होती, साय माखल्यासारखं डोकं आणि बाकी सगळी चॉकलेटी.

साध्या घारींचेही फोटो काढ, तारीख-जागा लिहून ठेव, हा तुमचा हट्ट मला आधी कळत नव्हता. मग तुम्ही गिरगावातल्या लहानपणाचं बोललात. गच्चीवर पापड राखत बसलं की मलबार हिलच्या डुंगरवाडीवर, पारशांच्या अंत्यविधीच्या जागेवर, गिधाडं घिरट्या घालताना दिसायची. त्यांचा एकही फोटो तुमच्याकडे नाही, तुमच्या ओळखीत कुणाकडेच नाही. रोजच्या गिधाडावर रोल कोण वाया घालवणार? पुढे गुरांना द्यायचे ते डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या वापरावर बंदी येईपर्यंत मुंबईवरचं आकाश रिकामं झालं होतं. हे तुम्ही चहा पिता पिता, काही विशेष न सांगितल्यासारखं सांगितलंत. मी त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या टाकीवर बसणाऱ्या घारींची वही सुरू केली.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. कोंबडीचे तुकडे फेकून घारी जवळ बोलावणाऱ्यांच्या घोळक्यातून तुम्ही एक शब्द न बोलता निघून आलात, तुमच्यामागे आम्हीही आलो. आणि संक्रांतीला नायलॉन मांजात पंख अडकलेली घार खाली पडली तेव्हा फोनवर तुम्ही मला नीट उभं केलंत: वरून टॉवेल टाक, पाय आधी धर, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेव, तोंडात पाणी ओतू नकोस, वनखात्याच्या १९२६ हेल्पलाइनला फोन लाव. २०१७ पासून त्या मांजावर बंदी आहे, तरी दर जानेवारीत हाच कार्यक्रम. असो.

आता काम. येऊरला झाडीत काढलेले काही फोटो आहेत. शिक्रा, म्हणजे तो छोटा ससाण्यासारखा शिकारी पक्षी, तोच म्हणत होतो, पण गळ्यावरची मधली रेघ चांगलीच जाड आहे आणि पंखांखाली आतल्या बाजूलाही पट्टे दिसतायत. शिक्र्याची ती बाजू साधी असते ना? बेसरा, म्हणजे त्याचा झाडीत राहणारा भाऊबंद, म्हणायचा मोह आवरून धरलाय. रविवारी सगळं कार्ड घेऊन येतो, फांदीआड अर्धी गेलेली फ्रेमसुद्धा.

तुमचा,
नाहूरहून रिक्षा मिळाली नाही म्हणून दर वेळी उशिरा येणारा