प्रमाणात खा म्हणता, मग ते प्रमाण पाकिटावर समोर छापा!

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या दर्शनी बाजूवर साखरेचा ठळक इशारा छापण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक शेतकरी. सहकारी कारखान्याचा वडिलांपासूनचा सभासद. दर दिवाळीला कारखान्याची सवलतीची साखर आमच्या घरी येते. हे आधीच सांगतो, कारण साखरेबद्दल तक्रार करणारा माणूस शहरातला, डाएटवाला असणार असं धरलं जातं. माझं घर उसावर उभं आहे. साखर म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. सणाला पोळी, पाहुण्याला चहा, परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर दही-साखर, हे आमच्याकडे होतं आणि राहील. माझं भांडण त्या साखरेशी नाही.

गेल्या महिन्यात माझ्या तेरा वर्षांच्या मुलाचे रिपोर्ट आले. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, 6.2. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोरगा मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे.

याची सुरुवात मानेपासून झाली. त्याच्या मानेच्या मागच्या बाजूला, घडी पडते तिथे, काळपट जाड पट्टा दिसायला लागला. माझ्या आईला वाटलं मळ. तिने बेसन लावलं, वजरीने घासलं, कातडी लाल होईपर्यंत घासलं. पोरगं रडायचं. शाळेत पोरं "आंघोळ करत नाहीस का" म्हणून चिडवायची, तर हा उन्हाळ्यातसुद्धा कॉलर वर करून बसायचा. डॉक्टरांनी मान वाकवून एकदाच पाहिलं आणि रक्त तपासायला सांगितलं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की कातडीवर असा डाग उमटतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तोवर लेकराने शिव्या खाल्ल्या होत्या आणि वजरीचे ओरखडेही.

आणि हा पोरगा जाड नाही. हातपाय काटकुळेच आहेत, फक्त पोट थोडं सुटलेलं. आपल्याकडे हे असंच असतं, हेसुद्धा डॉक्टरांनीच समजावलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मताना इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी असतात, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त घेऊन येतात, असं त्यातून दिसलं. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून तेवढाच बारीक असेल असं नाही. म्हणजे गोऱ्यांच्या देशात जेवढी साखर पचून जाईल, तेवढी आमच्या पोरांना पचेलच याची खात्री नाही. ही गोष्ट आपल्या मंत्रालयाला माहीत नाही, असं तर होऊच शकत नाही.

माझ्या वडिलांना अठ्ठावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला आणि पुढे पायाचा अंगठा काढावा लागला. ड्रेसिंगच्या वेळचा तो वास मी अजून विसरलेलो नाही. जे आजोबांना अठ्ठावन्नाव्या वर्षी आलं, ते नातवाच्या दारात तेराव्या वर्षी उभं आहे. मी रात्री उठून त्याचे पाय बघतो. माझी बायको आता त्याच्यासमोर चहासुद्धा पीत नाही. वाढदिवसाला कुणाच्या घरी जायचं म्हटलं की आधी त्याचा चेहरा उतरतो, मग आमचा. परवा त्याच्या दप्तरात वह्यांच्या मागे लपवलेला बिस्किटाचा पुडा सापडला. मारायला हात उचलला आणि खाली घेतला. कुणाला मारणार?

डॉक्टर म्हणाले, "साखर प्रमाणात ठेवा." आई म्हणाली, "आमच्यात गोडधोड होतंच किती, सणावारालाच की." तिचं खरं होतं. म्हणून आम्ही पोरगा आठवडाभरात जे जे खातो ते सगळं ओट्यावर मांडलं, भाजीवाल्यांकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आणला आणि पाकिटामागचे आकडे वाचायला बसलो. अक्षर एवढं बारीक की मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं. दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यावर पुढे उंची, ताकद, बुद्धी असं सगळं लिहिलेलं. मागे बघितलं तर शंभर ग्रॅमला तीस ग्रॅमहून जास्त साखर. क्रीमच्या बिस्किटात जवळपास तेवढीच. टोमॅटो सॉस गोड असतो हे कुणाच्या डोक्यात येतं? त्यातही पाव हिस्सा साखर. शीतपेयाच्या 100 मिलीला दहा-अकरा ग्रॅम, म्हणजे 300 मिलीच्या बाटलीत सहा चमचे. अख्खं पाकीट एक पोरगं एका बैठकीत संपवतं, पण मागे हिशेब लिहिलेला "एका सर्व्हिंग"चा, आणि पाकिटात सर्व्हिंग अडीच! यादीत जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहायचा असा नियम आहे. मग साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशी तीन नावांनी वाटली की प्रत्येक नाव आपोआप खाली सरकतं.

बेरीज केली तर दिवसाला साठ ग्रॅमच्या पुढे जात होती. त्यात घरची साखर दोनच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलंय की अशी वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत असावी आणि 5 टक्क्यांच्या आत ठेवली तर जास्त चांगलं. 5 टक्के म्हणजे मोठ्या माणसाला 25 ग्रॅम, पाच चमचे. तेरा वर्षांच्या पोराच्या पोटात मोठ्या माणसाच्या दुप्पट जात होती आणि त्यातली बहुतेक कुणाला दिसतच नव्हती.

साहेब, "प्रमाणात खा" हा सल्ला चांगला आहे. मलाही तो पटतो. पण प्रमाण पाळायला आधी प्रमाण कळावं लागतं. चहात किती चमचे टाकायचे ते माझ्या हातात आहे. पाकिटात किती टाकले ते कंपनीच्या हातात आहे, ते मागच्या बाजूला लपवायची परवानगी तुमची आहे आणि दोष मात्र आईबापाच्या माथी. पोरांना संयम शिकवा म्हणे!

आणि हे तुम्हाला ठाऊक नाही असं नाही. आपल्या अखत्यारीतल्या एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, सप्टेंबर 2022 मध्ये पाकिटावर तारा छापून पदार्थाचा दर्जा सांगायचा, म्हणजे तारांकनाचा मसुदा काढला. अर्ध्या तारेपासून पाच तारांपर्यंत. त्यात फळं, सुकामेवा, भरडधान्य घातलं की गुण वाढतात, म्हणजे मूठभर बदामाने साखरेचा डाग पुसता येतो. लोकांनी 14,000 च्या वर हरकती-सूचना पाठवल्या. जुलै 2024 मध्ये साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड फॅटचे आकडे ठळक, मोठ्या अक्षरात छापायच्या प्रस्तावाला त्याच एफएसएसएआयने मंजुरी दिली. आम्ही बातमी वाचून खूश झालो. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी लेबलबाबत 3 महिन्यांत शिफारशी द्या म्हणून सांगितलं. जुलैत सरकारने आणखी 3 महिने मागून घेतले. घोंगडं भिजतच पडलंय. माझ्या ओट्यावरच्या डब्यावर पुढच्या बाजूला अजून उंची आणि ताकदच लिहिलेली आहे.

चिलीसारख्या आपल्याहून कितीतरी लहान देशाने 2016 मध्ये काळे अष्टकोनी शिक्के छापायला लावले. "साखर जास्त" असं सरळ समोर. पुढे अभ्यास झाला तेव्हा असा शिक्का असलेल्या पेयांची खरेदी जवळजवळ 24 टक्क्यांनी घटलेली दिसली. मेक्सिकोने 2020 मध्ये तेच केलं. अक्षर न येणारी माझी आईसुद्धा काळा शिक्का ओळखेल. तारा बघून तिला वाटेल, मालाला बक्षीस मिळालंय.

आपल्या मंत्रालयाने 2025 च्या जूनमध्ये सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचे फलक लावायला सांगितलं. नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन समोसा-जिलेबीवर इशारा येणार अशा बातम्या झाल्या, मग मंत्रालयाने तसं काही नाही असा खुलासा केला. जिलेबी गोड असते हे दोन वर्षांच्या पोरालाही कळतं. ती पाकात बुडालेली डोळ्यांना दिसते. ज्या सॉसमध्ये, ज्या "पौष्टिक" पावडरीत, ज्या सकाळच्या कुरकुरीत नाश्त्यात साखर दिसत नाही, त्याचं बोला ना! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

शाळांचं पण तेच. सीबीएसईने मे 2025 मध्ये "शुगर बोर्ड", म्हणजे साखरेची माहिती देणारे फलक, लावायला सांगितले आणि त्या परिपत्रकात लिहिलं की 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकात साखर 13 टक्के, 11 ते 18 मध्ये 15 टक्के. चांगलं केलं. पण आमची हायस्कूलं राज्य मंडळाची आहेत. आणि फलक भिंतीवर असतो, टपरी फाटकाला लागून. एफएसएसएआयचाच 2020 चा नियम आहे की शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत. आमच्या इथे फाटकातून बाहेर पाय टाकला की पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, पोरांच्या डोक्याच्या उंचीला. टपरीवाल्याला दोष देत नाही, त्याला हा नियम सांगायला कधी कोणी आलेलंच नाही. दुसरीकडे 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, चॉकलेटं आणि आईस्क्रीमवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. एक खातं साखर कमी खा म्हणतं, दुसरं ती स्वस्त करतं. आणि इथे आमच्या राज्यात शालेय पोषण आहारातल्या अंड्याचा निधी जानेवारी 2025 मध्ये बंद झाला, अंडं हवं तर लोकवर्गणी काढा म्हणाले. अंड्याला वर्गणी, बिस्किटाला करसवलत. कोणत्या तोंडाने सांगायचं पोराला की सरकारला तुझी काळजी आहे?

मग विषय निघाला की हमखास पुढे येतं, "ऊस उत्पादक शेतकऱ्याचं काय होईल?" माझं नाव वापरताय म्हणून मीच बोलतो. शेतकऱ्याच्या आड लपू नका. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरवलात आणि वर्षानुवर्षं तिथेच ठेवलात. खत, डिझेल, तोडणीचा दर कुठल्या कुठे गेला. 7 डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी मनाई केलीत, का तर बाजारात साखर स्वस्त राहावी. तेव्हा नव्हता आठवला शेतकरी? देशात वर्षाला सुमारे 280 लाख टन साखर खपते. 140 कोटींनी भागा, माणशी 20 किलो येते, दिवसाला पंचावन्न ग्रॅम. माझा ऊस इथेनॉलला जाऊ दे, माझी काही हरकत नाही. माझ्या बिलासाठी माझ्याच पोराच्या लिव्हरवर चरबी चढायला नको.

फडात बीडकडून आलेल्या ऊसतोडणीच्या टोळ्या असतात. पहाटे चारला कोयता घेऊन निघालेल्या बाईचं पोर पाचटावर बसून चहात बिस्किट बुडवून खातं. तेच त्याचं दूध आणि तीच भाकरी. साखर ज्यांच्या हातांनी निघते, त्यांच्या लेकरांना तीच सगळ्यात स्वस्त पोट भरायला मिळते. त्यांची एचबीएवनसी कोण काढणार?

हे फक्त आपल्याच देशात होतं असंही नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन हृदयविकाराचा दोष चरबीवर ढकलणारा लेख लिहून घेतला. तो 1967 मध्ये छापला गेला आणि पैशाचा संबंध उघड व्हायला 2016 उजाडलं. पन्नास वर्षं! आपल्याकडे लेबलाच्या चर्चेत कंपन्या खुर्ची टाकून बसतात आणि ज्यांच्या पोरांच्या माना काळ्या पडल्या त्या आईबापांना दारातसुद्धा कुणी उभं करत नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 च्या पाहणीत 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी उंबरठ्यावरचे निघाले. माझा मुलगा त्या दुसऱ्या आकड्यात मोजलेलाही नसेल, कारण ती पाहणी मोठ्या माणसांची होती.

मागणी मोठी नाही. तारा नकोत, सरळ इशारा हवा, पुढच्या बाजूला, मराठीसह त्या त्या राज्याच्या भाषेत. वरून घातलेली साखर अख्ख्या पाकिटात किती, ती चमच्यांत लिहा. साखरेने भरलेल्या डब्यावर उंची-बुद्धीचे दावे छापायला बंदी घाला. 50 मीटरचा नियम कोण तपासणार, त्या अधिकाऱ्याचं पद आणि फोन शाळेच्या फाटकावर लावा. आणि पुढची मुदतवाढ मागण्याआधी तारीख जाहीर करा.

मुलाची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. त्याने शीतपेय सोडलंय, सायकल मारतो, डब्यात शेंगदाणे आणि भाकरी नेतो. त्याचा वाटा तो उचलतोय. तुमचा कधी उचलणार, तेवढं लेखी कळवावं. उत्तर मराठीत पाठवलंत तर बरं, मला ते आईला वाचून दाखवायचं आहे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर