बक्षीसपत्रावर सही करू नका, बाबा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, "घर आणि शेत आत्ताच तुझ्या नावावर करून टाकतो, माझ्या माघारी तुला कुणाच्या दारात जायला नको." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. घसाच दाटला. म्हणून रात्री लिहायला बसले.

बाबा, बक्षीसपत्र करू नका. "दत्तक पोरीला कुठलं आलंय" असं काका म्हणतात, ते खरं नाही. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे तुम्ही मला घेतलंत त्या दिवसापासून मी सगळ्या बाबतीत तुमची मुलगी आहे. रीतसर झालेलं दत्तक मोडता येत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. यळ्ळूरचे वीस गुंठे तुम्ही उद्यमबागेतल्या फौंड्रीत भट्टीपुढं राबून घेतलेत, ते वडिलोपार्जित नाहीत. आजी आता नाही, त्यामुळं तुमच्या मागे त्यावर आईचा आणि माझा सारखा हक्क. आम्ही दोघी असताना काकांची पाळी येतच नाही. मृत्युपत्र करायचं असेल तर जरूर करा, ते हवं तेव्हा बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की सहजासहजी मागे घेता येत नाही. तुमच्याच घरात तुम्ही माझ्या मर्जीवर राहायचं, ही कल्पनाच मला सोसत नाही.

आता एक गोष्ट, जी महिनाभर तुमच्यापासून लपवली. चंदगडहून दादानं एक कागद पाठवलाय. मला जन्म देणाऱ्या मावशीच्या घरची जमीन नावावर करून घ्यायची आहे, म्हणून माझं हक्कसोडपत्र हवंय. मुळात तिथं माझा हक्कच नाही. दत्तक झालं तेव्हा जन्मघरचा वारसा सुटला, आणि दोन वर्षांच्या पोरीच्या नावावर तेव्हा काही नव्हतंही. म्हणजे इकडं जे माझं आहे ते नाही म्हणतात, आणि तिकडं जे माझं नाही ते सोडून द्यायला सांगतात. त्या कागदावर माझ्या नावापुढं "मयताची मुलगी" असं लिहिलंय. आई, तो शब्द मी कितीदा वाचला असेन. मावशीच्या बाराव्याला मी सगळ्यांबरोबर भाची म्हणून बसले होते. पुण्याला परत येताना निपाणीपर्यंत डोळ्यांचं पाणी खळलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तिच्यासाठी रडले म्हणून तू माझी थोडी कमी आई झालीस, असं कधी मनात आणू नकोस.

तिसरीत असताना तुम्ही मला कित्तूरला नेलं होतं. पडक्या वाड्यात उभे राहून बाबा सांगत होते, की दत्तक वारस इंग्रजांनी मानला नाही म्हणून राणी चन्नम्मा 1824 साली लढली, कलेक्टर थॅकरे तिथंच पडला. मी विचारलं, "दत्तक म्हणजे काय?" आईनं माझ्या हातावर कुंदा ठेवला, आणि परतीच्या बसमध्ये तुम्ही दोघांनी मला सगळं सांगितलंत, मावशीचं नाव घेऊन. शाळेत दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ते कधी कळावं लागलं नाही. एवढं मोठं देणं दिल्यावर आता जमिनीच्या कागदानं काय सिद्ध करायचंय, बाबा?

कायद्यानं तिकडचे धागे तोडताना एक मात्र ठेवलाय. जन्माच्या नात्यात जिथं लग्न होऊ शकलं नसतं, तिथं ते दत्तक गेल्यावरही होत नाही. म्हणजे एवढ्यापुरता का होईना, दादा कायद्यालाही माझा सख्खा भाऊच वाटतो. हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. मी हक्कसोडपत्रावर सही करणार नाही, पण त्याचं काम अडवायचं नाहीये. त्याला दत्तकपत्राची नक्कल पाठवते आणि स्वतः जाऊन समजावते.

आई, लोखंडी पेटीत तुझ्या लग्नाच्या शालूखाली 1990 चं नोंदणी केलेलं दत्तकपत्र असेल. त्यावर देणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या, दोन्हीकडच्या सह्या आहेत. तसं नोंदलेलं पत्र असलं की दत्तक कायदेशीर झालं असंच कोर्ट धरून चालतं, खोटं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं. ते काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव, वाळवी लागायला नको. वंशवृक्षाच्या दाखल्यासाठी नाडकचेरीत बाबांनी एकट्यानं जाऊ नये. गणपतीला चार दिवस जास्त रजा काढून येते, दोघं मिळून जाऊ. अर्ज कन्नडमध्ये भरावा लागेल. माझ्या नावापुढं "मगळु", म्हणजे मुलगी, एवढंच लिहायला सांगू.

बाबांच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल, येताना आणते.

तुमची लेक