खुले पत्र : विमानाचे दिवस मोजू नका, अँटेना तपासा

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

27 जुलै 2019 रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. अशा पुरात मोबाइल टॉवर सहसा पडत नाहीत. वीज जाते, बॅटऱ्या उतरतात आणि टॉवर मुका होतो. 20 किलोमीटर उंचीवर घिरट्या घालणारं सौरविमान तेव्हा मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरही सिग्नल पोहोचवू शकतं. 2023 च्या दुबईतल्या जागतिक रेडिओ परिषदेने नेहमीच्या मोबाइलचेच काही फ्रिक्वेन्सी पट्टे या कामासाठी खुले केले, म्हणजे फोन बदलायला नको. अशा विमानांच्या चाचण्या जरूर घ्या. पण विमान किती दिवस हवेत राहिलं यावर गुण देऊ नका. एअरबसचं झेफायर हे सौरविमान 2022 मध्येच 64 दिवस राहिलं. खरी कसोटी अँटेनाची आहे.

2 गिगाहर्ट्झवर 8 बाय 8 छोट्या अँटेना-घटकांचं पॅनल 60 सेंटिमीटरचं होतं, कॅरमबोर्डापेक्षा लहान. त्याचा बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, सुमारे 13 अंशांचा; म्हणजे थेट खाली जमिनीवर साडेचार किलोमीटरचा ठिपका. विमान वळताना 5 अंश कललं की तो पावणेदोन किलोमीटर सरकतो. ठाणे स्टेशनवरचा ठिपका जवळपास कळव्यात. मग फोन या बीमवरून त्या बीमवर उड्या मारतात आणि कॉल तुटतात. म्हणून कल सतत मोजून बीम तेवढाच उलटा वळवावा लागतो. त्यात वर उणे 60 अंशांची थंडी आणि दिवसा कडक ऊन. घटकांमधला फेज, म्हणजे त्यांच्या लहरींचा आपसातला ताळमेळ, ढळतो आणि बीम वाकडा जातो. कॅलिब्रेशन, म्हणजे हा ताळमेळ पुन्हा जुळवणं, उडतानाच व्हायला हवं.

खरी गोम मात्र गेटवेच्या, म्हणजे विमानाला नेटवर्कशी जोडणाऱ्या जमिनीवरच्या केंद्राच्या, दुव्यात आहे. तो 30 गिगाहर्ट्झच्या आसपास ठेवला, तर ताशी 100 मिलिमीटर पावसात किलोमीटरमागे 15 ते 20 डेसिबल गळतात, म्हणजे सिग्नल दर किलोमीटरला तीस ते शंभर पटींनी क्षीण होतो. म्हणजे गेटवे नवी मुंबईतल्या महाप्याला ठेवला, तर नेमका पुराच्या दिवशीच तो बंद! दुसरा गेटवे घाटमाथ्यापलीकडे, आळेफाट्याच्या बाजूला हवा. तिथून ठाण्यावरच्या विमानाकडे किरण जेमतेम 9 अंशांच्या आसपास चढतो, पण सह्याद्री ओलांडेपर्यंत पावसाच्या थराच्या वर निघून जातो.

घोडबंदरसारख्या गजबजलेल्या भागात ही सेवा नकोच. तिथे खालचे टॉवर त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलत असतात, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना अडथळा करतील. तेवढा भाग बीममधून वगळण्याची अट निविदेतच घाला.

आणि चाचणी जानेवारीच्या निरभ्र आकाशात नको. जुलैत, माळशेजच्या पायथ्याशी घ्या, आणि तुटलेल्या कॉलचे आकडे तासागणिक जाहीर करा.

आपले,
ठाणे-नवी मुंबईतील काही रेडिओ अभियंते