झोपेची गोळी आणि ती हर्बल कॅप्सूल

चि. मधुरा हिस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या झोपेच्या गोळीबद्दल, क्लोनाझेपामबद्दल, मला काही म्हणायचं नाही. डॉक्टरांनी तपासून दिली आहे. माझी हरकत आहे ती जोडीला सुरू केलेल्या हर्बल कॅप्सूलला, आणि त्याहून जास्त, ती डॉक्टरांना न विचारता सुरू केलीस याला.

तू पाठवलेल्या फोटोतला डबीमागचा बारीक मजकूर मी मोठा करून वाचला. व्हॅलेरियन, अश्वगंधा, पॅशनफ्लॉवर, आणि खाली ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून सगळ्यांचं मिळून एकच वजन. कशाचं किती, पत्ताच नाही. गोळीच्या स्ट्रिपवर मात्र मिलिग्रॅमपर्यंत लिहिलेलं असतं.

क्लोनाझेपाम मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचं काम वाढवतं. गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक. व्हॅलेरियन आणि अश्वगंधाही बहुधा त्याच ब्रेकवर पाय ठेवतात, म्हणून गुंगीत गुंगीची भर पडते. त्यात क्लोनाझेपाम रक्तातून निम्मं उतरायलाच साधारण 30 ते 40 तास लागतात. आजची गोळी घेतेस तेव्हा कालची शिल्लक असतेच. सकाळी डोकं जड वाटतं म्हणालीस ना? त्याच डोक्याने तू गाडी चालवतेस. यावर दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध पडलं, तर श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाते. आणि दारू म्हणजे ग्लासातलीच नव्हे, आसव-अरिष्टांतही आंबवण्यातून अल्कोहोल तयार होतंच.

उलटंही घडतं. उदासीसाठी विकलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट हे झाडपाल्याचं औषध यकृतातली औषधं फोडणारी यंत्रणा जोरात चालवतं. अल्प्राझोलामसारखी, क्लोनाझेपामच्याच जातीची गोळी मग निम्म्या वेळात शरीराबाहेर पडते, आणि माणूस ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून स्वतःच डोस वाढवतो. ते वर्ट बंद केलं की काही दिवसांत गोळीचा जोर परत चढतो. म्हणजे सुरू करताना सांगायचं, तसं थांबवतानाही. कावा नावाची जडीबुटी तर घरात आणूच नकोस. त्याने यकृताला गंभीर इजा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, 2002 मध्येच दिला आहे.

मी काही जडीबुटीच्या विरोधात नाही, तुला ठाऊक आहे. पण वॉर्डात ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की लोक गोळ्यांची नावं घडाघडा सांगतात. चूर्ण, काढे, कॅप्सूल गाळतात. त्यांना ती औषधं वाटतच नाहीत. मग ऑपरेशनआधी भूल देणाऱ्याला तरी कसं कळणार?

तेव्हा कॅप्सूल आजपासून बंद. घाबरून गोळी मात्र एकदम सोडू नकोस. रोज घेणाऱ्याने अचानक बंद केली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टर सांगतील तशी, हळूहळूच कमी करायची. उद्याच त्यांना फोन कर, पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, आणि डबीचा तोच फोटो पाठव. कधी हलवूनही जाग येईना, श्वास संथ वाटला, ओठ निळसर दिसले, तर थेट हॉस्पिटल, डबी आणि स्ट्रिप दोन्ही घेऊन. हे तुझ्या रूममेटलाही सांगून ठेव.

आणि रात्री जेवणानंतरची कॉफी सुटली की नाही, तेही कळव. त्याबद्दल तू फोनवर शिताफीने काहीच बोलली नाहीस.

तुझी,
आई